ई-रीडरच्या डेटाबेसमधील बिघाड : कारणे, निदान आणि दुरुस्तीचा क्रम

गोषवारा :

ई-रीडर संगणकाला जोडलेला असताना अथवा घाईने काढून घेतल्यामुळे त्यातील डेटाबेस बिघडण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी यंत्र मूळ स्थितीत आणण्याचा सोपा उपाय सुचविला जातो. या उपायाने यंत्र सुरू होते. परंतु वाचकाने स्वतः केलेल्या खुणा व टिपा नष्ट होतात. प्रस्तुत लेखात कोबो ई-रीडर व कॅलिबर ही संगणकप्रणाली यांच्या आधारे बिघाडाची कारणे, संदेशांचा अर्थ आणि टिपा वाचविणारा दुरुस्तीचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ई-रीडर, एसक्यूलाइट, डेटाबेस, कॅलिबर, राखीव प्रत, टिपा.

१. प्रस्तावना :

छापील पुस्तक वाचताना अभ्यासक समासात टिपा लिहितो, ओळींखाली रेघ मारतो. पुस्तक व टिपा एकाच कागदावर असतात. त्यामुळे पुस्तक सांभाळले की टिपा आपोआप सांभाळल्या जातात. ई-रीडरच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही. तेथे पुस्तक एका फाइलमध्ये असते आणि त्यावरील टिपा बहुधा वेगळ्याच फाइलमध्ये असतात. पुस्तक पुन्हा मिळविता येते. टीप मात्र वाचकाजवळच असते, तिची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

समजा, एखाद्या संशोधक विद्यार्थिनीने प्रबंधासाठी तीन वर्षे ई-रीडरवर वाचन केले आहे. शेकडो उतारे तिने चिन्हांकित केले आहेत आणि त्यांवर स्वतःचे अभिप्राय लिहिले आहेत. एके दिवशी नवी पुस्तके घालण्यासाठी यंत्र संगणकाला जोडले जाते, काम संपल्यासारखे वाटते, वायर ओढून काढली जाते आणि पुढच्या वेळी संगणकावर ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ असा संदेश झळकतो. या क्षणी ती जे करील त्यावर तिचे तीन वर्षांचे काम राहणार की जाणार हे ठरते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञाचा नसून प्रत्येक अभ्यासकाच्या व ग्रंथपालाच्या जिव्हाळ्याचा आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) ई-रीडरमधील डेटाबेसचे स्वरूप समजून घेणे.
२) बिघाडाची कारणे व लक्षणे स्पष्ट करणे.
३) टिपा वाचविण्यास प्राधान्य देणारा दुरुस्तीचा क्रम मांडणे.
४) बिघाड टाळण्याचे उपाय सुचविणे.

३. ई-रीडरमधील डेटाबेसचे स्वरूप :

कोबो ही कॅनडातील टोरांटो येथे २००९ मध्ये स्थापन झालेली कंपनी असून तिचा पहिला ई-रीडर २०१० मध्ये बाजारात आला. कोबोच्या यंत्रातील सर्व नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. एसक्यूलाइट ही प्रणाली डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो. त्यामुळे मोबाइल, ब्राउझर आणि ई-रीडर अशा लहानमोठ्या साधनांत तिचा वापर होतो.

कोबोच्या स्मृतीत ‘डॉट कोबो’ नावाचा लपविलेला फोल्डर असतो. त्यात ‘कोबोरीडर डॉट एसक्यूलाइट’ ही फाइल असते. तिच्यातील ‘कंटेंट’ या तक्त्यात पुस्तकांची माहिती व वाचनाची स्थिती, ‘शेल्फ’ आणि ‘शेल्फकंटेंट’ या तक्त्यांत वाचकाने तयार केलेले संग्रह आणि ‘बुकमार्क’ या तक्त्यात खुणा, चिन्हांकित मजकूर व टिपा असतात. पुस्तकांच्या फाइली मात्र या डेटाबेसच्या बाहेर असतात. म्हणजे डेटाबेस बिघडला तरी पुस्तके सहसा सुखरूप राहतात. धोका असतो तो शेवटच्या तक्त्याला. विकत घेतलेल्या पुस्तकांवरील टिपा कंपनीच्या खात्याशी जुळविल्या जातात. पण वाचकाने संगणकावरून स्वतः घातलेल्या पुस्तकांना ती सोय नाही. अशा साध्या ईपब पुस्तकांच्या खुणांची एक फाइल ‘डिजिटल एडिशन्स’ या फोल्डरमध्येही असते. कोबोच्या स्वतःच्या ‘केपब’ प्रकारातील पुस्तकांच्या टिपा डेटाबेसमध्येच राहतात.

आता संगणकाची बाजू पाहू. कॅलिबर ही ई-पुस्तकांची व्यवस्था लावणारी मुक्त प्रणाली कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या पीआरएस-५०० या ई-रीडरसाठी सुरू केली. तिला कॅलिबर हे नाव २००८ मध्ये मिळाले. ती कोबोला जोडली की पुस्तके पाठविते आणि संग्रह, वाचनस्थिती इत्यादी नोंदी यंत्राच्या डेटाबेसमध्ये थेट लिहू शकते. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. कॅलिबरचा स्वतःचाही एक डेटाबेस संगणकावर असतो. त्याचे नाव ‘मेटाडेटा डॉट डीबी’. बिघाड यंत्रातील डेटाबेसमध्ये आहे की संगणकावरील, हे ठरविल्याशिवाय पुढे जाऊ नये. यंत्र न जोडता कॅलिबर उघडल्यावरही चूक दिसत असेल तर दोष संगणकाच्या बाजूचा समजावा. त्यावर तुलनेने सोपा उपाय आहे. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये माहितीची एक ‘ओपीएफ’ फाइल ठेवते आणि ‘लायब्ररी मेंटेनन्स’मधील ‘रिस्टोर डेटाबेस’ या सोयीने त्या फाइलींवरून डेटाबेस पुन्हा उभारता येतो. यंत्र जोडल्यानंतरच चूक येत असेल तर पुढील विवेचन लागू पडते.

४. बिघाड का होतो :

एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल समान आकाराच्या पृष्ठांत विभागलेली असते. पृष्ठाचा आकार ५१२ ते ६५,५३६ बाइट इतका असू शकतो. एक टीप नोंदविताना तक्त्याचे पृष्ठ, सूचीचे पृष्ठ अशी अनेक पृष्ठे बदलावी लागतात. ती सर्व बदलली तरच डेटाबेस सुसंगत राहतो. यासाठी एसक्यूलाइट आधी एका साहाय्यक फाइलमध्ये नोंद करते. ही फाइल ‘जर्नल’ अथवा ‘वाल’ या प्रत्ययाची असते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी या फाइलच्या आधारे अर्धवट बदल मागे घेतले जातात किंवा पूर्ण झालेले बदल मूळ फाइलमध्ये उतरविले जातात. ही योजना अत्यंत भरवशाची आहे. मात्र तिची एक अट आहे. ‘लिहून झाले’ असे साधनाने सांगितले म्हणजे ते खरोखर लिहिलेले असले पाहिजे.

यूएसबीने जोडलेल्या यंत्राच्या बाबतीत ही अट अनेकदा मोडते. तिची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१) संगणक वेगासाठी काही मजकूर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो व सवडीने यंत्रावर लिहितो. पडद्यावर काम संपलेले दिसते तेव्हा लेखन चालूच असू शकते. विंडोज १० च्या १८०९ या २०१८ मधील आवृत्तीपासून काढता येण्याजोग्या साधनांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळातच लागू केलेले आहे. त्यामुळे धोका कमी झाला. परंतु लेखन सुरू असताना वायर काढली तर कोणतेही धोरण उपयोगी पडत नाही.

२) ई-रीडरचा संगणकाला दिसणारा भाग बहुधा फॅट-३२ या जुन्या पद्धतीने रचलेला असतो. बदलांची आगाऊ नोंद ठेवण्याची सोय या पद्धतीत नाही. फाइल कोठे सुरू होते व कोठे संपते हे सांगणारा तक्ताच अर्धवट लिहिला गेला तर डेटाबेसच्या मध्यभागी भलताच मजकूर येतो.

३) यंत्रातील स्मृती जीर्ण होते. कोबोच्या काही जुन्या प्रारूपांत अंतर्गत स्मृती म्हणून मायक्रोएसडी कार्डच बसविलेले आहे. वारंवार होणाऱ्या बिघाडामागे हे कारण असू शकते.

४) ‘जर्नल’ किंवा ‘वाल’ ही फाइल निरुपयोगी समजून पुसून टाकली, अथवा एका वेळच्या डेटाबेसशेजारी दुसऱ्या वेळची ‘वाल’ फाइल राहिली, तरी डेटाबेस बिघडतो.

५. लक्षणे आणि संदेशांचा अर्थ :

पुस्तके यादीतून नाहीशी होणे, संग्रह रिकामे दिसणे, यंत्र पुनःपुन्हा आपोआप सुरू होणे, वायर काढल्यावर पुस्तके आत घेण्याची क्रिया न संपणे ही बाह्य लक्षणे होत. निदानासाठी संगणकावर येणारा संदेश अधिक उपयुक्त ठरतो. एसक्यूलाइटच्या प्रत्येक दोषाला क्रमांक असून त्यांतील पुढील क्रमांक वाचकाला माहीत असावेत.

क्रमांक ५ : डेटाबेस कुलूपबंद आहे. दुसरी प्रणाली तो वापरत आहे. हा बिघाड नव्हे.
क्रमांक ८ : डेटाबेसमध्ये लिहिण्याची मुभा नाही.
क्रमांक १० : साधनावरून वाचन किंवा लेखन झाले नाही. वायर, यूएसबी जोडणी किंवा स्मृती तपासावी.
क्रमांक ११ : डेटाबेसची रचना बिघडली आहे. ‘मालफॉर्म्ड’ हा संदेश याचाच.
क्रमांक १३ : जागा संपली आहे.
क्रमांक २६ : ही फाइल डेटाबेसच नाही. एसक्यूलाइटच्या फाइलच्या पहिल्या १६ बाइटमध्ये ठरावीक ओळखचिन्ह असते. ते नष्ट झाले की हा संदेश येतो.

यांपैकी ११ आणि २६ हेच खरे बिघाडाचे संदेश होत. यांखेरीज, यंत्राचे फर्मवेअर नवे झाल्यावर डेटाबेसची रचना बदलते व कॅलिबरची जुनी आवृत्ती ती ओळखत नाही. अशा वेळी येणारी सूचना बिघाडाची नसते; कॅलिबर अद्ययावत केल्याने ती दूर होते. निरोगी डेटाबेसवर दुरुस्तीचे प्रयोग करून तो बिघडविणे हीदेखील एक सर्वसामान्य चूक आहे.

६. दुरुस्तीपूर्वीची खबरदारी :

बिघाड लक्षात येताच तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. यंत्र मूळ स्थितीत आणणारी ‘फॅक्टरी रीसेट’ ही क्रिया करू नये. तिने डेटाबेससह वाचकाने घातलेली पुस्तकेही जातात. खात्यातून बाहेर पडू नये. आणि यंत्र पुनःपुन्हा चालू-बंद करून नव्या नोंदी होऊ देऊ नयेत.

पहिले काम एकच : राखीव प्रत. यंत्र संगणकाला जोडून, कॅलिबर बंद ठेवून, ‘डॉट कोबो’ आणि ‘डिजिटल एडिशन्स’ हे दोन्ही फोल्डर संगणकावर जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. लपविलेले फोल्डर दिसण्यासाठी संगणकावरील तशी सोय चालू करावी लागते. मुख्य डेटाबेसशेजारी ‘वाल’ किंवा ‘जर्नल’ प्रत्ययाची फाइल असल्यास तीही सोबत घ्यावी. अगदी अलीकडच्या टिपा कदाचित तिच्यातच असतात. त्यानंतर यंत्र रीतसर ‘इजेक्ट’ करून बाजूला ठेवावे. या प्रतीचीही आणखी एक प्रत करावी. पहिली प्रत उघडूदेखील नये. सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. एकमेव प्रतीवर दुरुस्ती करू नये, हा या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

७. निदान आणि दुरुस्तीचा क्रम :

या कामासाठी एसक्यूलाइटची आज्ञावली किंवा ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ ही मुक्त प्रणाली वापरता येते. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.

पहिली पायरी - तपासणी : ‘प्राग्मा’ या शब्दापुढे ‘इंटिग्रिटी’ व ‘चेक’ हे दोन शब्द अधोरेखेने जोडून आज्ञा द्यावी. रचना निर्दोष असल्यास ‘ओके’ एवढेच उत्तर येते. अन्यथा दोषांची यादी येते. मात्र या ‘ओके’वर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फाइल शून्य बाइटची असेल, किंवा नाव लिहिताना चूक झाल्यामुळे एसक्यूलाइटने नवी रिकामी फाइल निर्माण केली असेल, तरीही उत्तर ‘ओके’च येते. म्हणून फाइलचा आकार पाहावा आणि ‘बुकमार्क’ तक्त्यातील नोंदींची संख्या मोजून लिहून ठेवावी.

दुसरी पायरी - सूचीची पुनर्रचना : यादीतील सर्व दोष ‘अमुक नोंद सूचीत नाही’ या स्वरूपाचे असतील तर मूळ नोंदी शाबूत असून केवळ सूची बिघडलेली असते. पुस्तक चांगले पण शेवटची शब्दसूची चुकीची, असा हा प्रकार आहे. ‘रीइंडेक्स’ या आज्ञेने सूची नव्याने तयार होते. त्यानंतर पुन्हा तपासणी करावी.

तिसरी पायरी - टिपांची सुटका : बिघाड गंभीर असला तरी तो अनेकदा काही पृष्ठांपुरताच असतो. म्हणून संपूर्ण डेटाबेस दुरुस्त करण्यापूर्वी ‘बुकमार्क’ हा एकच तक्ता वाचता येतो का ते पाहावे. वाचता आला तर तो स्वल्पविरामांनी विभागलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्यावा. त्यातील ‘टेक्स्ट’ या स्तंभात चिन्हांकित मजकूर, ‘ॲनोटेशन’ या स्तंभात वाचकाची टीप आणि ‘व्हॉल्यूमआयडी’ या स्तंभात पुस्तकाची ओळख असते. टिपा मराठीत असल्यास ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. अन्यथा देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात आणि टिपा नष्ट झाल्या असा गैरसमज होतो.

चौथी पायरी - पुनर्प्राप्ती : एसक्यूलाइटच्या ३.२९ या २०१९ मधील आवृत्तीपासून आज्ञावलीत ‘रिकव्हर’ ही सोय आहे. आज्ञेच्या आधी टिंब द्यावे लागते. ती फाइलमधील प्रत्येक पृष्ठ तपासून सापडतील त्या नोंदी नव्या डेटाबेससाठी लिहून देते. कोणत्या तक्त्यातील हे न कळलेल्या नोंदी ‘लॉस्ट अँड फाउंड’ या नावाच्या वेगळ्या तक्त्यात ठेवल्या जातात; तोही तपासावा. त्यापूर्वीची ‘डंप’ ही आज्ञाही उपयोगी आहे. तिच्याबाबत एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. वाचताना दोष आढळल्यास ‘डंप’ने दिलेल्या मजकुराच्या शेवटी ‘कमिट’ऐवजी ‘रोलबॅक’ असा शब्द येतो. तो मजकूर तसाच वापरला तर सर्व नोंदी घालून पुन्हा मागे घेतल्या जातात आणि डेटाबेस रिकामा राहतो. शेवटच्या ओळीत ‘कमिट’ असा बदल केल्यास वाचलेल्या नोंदी हाती लागतात.

‘व्हॅक्यूम’ ही फाइल आटोपशीर करणारी आज्ञा आहे. ती दुरुस्ती नव्हे. बिघडलेल्या डेटाबेसवर प्रथमच ती वापरू नये.

८. यंत्रावर पुनर्स्थापना :

नवा डेटाबेस तपासणीत निर्दोष ठरला आणि टिपांची संख्या अपेक्षेप्रमाणे भरली, तरच तो यंत्रावर ठेवावा. तत्पूर्वी यंत्राची स्मृती तपासणे इष्ट. विंडोजमध्ये ‘चेकडिस्क’ ही आज्ञा जोड-पर्याय न देता चालविल्यास ती केवळ तपासते, काही बदलत नाही. दोष आढळल्यास व राखीव प्रत हाती असल्यासच दुरुस्तीचा पर्याय वापरावा.

डेटाबेस ठेवताना त्याचे नाव मूळ नावाप्रमाणेच असावे आणि यंत्रावरील जुनी ‘वाल’ व ‘जर्नल’ फाइल काढून टाकावी. जुन्या साहाय्यक फाइलचा नव्या डेटाबेसशी संबंध नसतो. ती राहिल्यास दुरुस्त केलेला डेटाबेस पुन्हा बिघडू शकतो. प्रस्तुत लेखात या फाइली आधी सांभाळण्यास व आता काढण्यास सांगितले आहे. यात विसंगती नाही : त्या ज्या डेटाबेसच्या, त्याच्याच सोबत असाव्यात.

पुनर्प्राप्ती शक्य झाली नाही तर यंत्रावरील डेटाबेस हलवून यंत्र पुन्हा सुरू करावे. यंत्र प्राथमिक मांडणी विचारते, नवा डेटाबेस निर्माण करते आणि स्मृतीतील पुस्तके पुन्हा यादीत घेते. संग्रह व वाचनस्थिती मात्र जाते. संगणकावरून घातलेल्या पुस्तकांची ओळख त्यांच्या फाइलच्या मार्गावरून ठरते. म्हणून पुस्तकांची नावे व फोल्डर बदलू नयेत. ती तशीच राहिल्यास जुन्या ‘बुकमार्क’ तक्त्यातील नोंदी जाणकाराच्या साहाय्याने नव्या डेटाबेसमध्ये घालण्याची शक्यता उरते. तेही जमले नाही तरी तिसऱ्या पायरीतील सीएसव्ही फाइलमध्ये टिपा वाचनीय स्वरूपात असतातच.

९. प्रतिबंधात्मक उपाय :

१) कॅलिबरमधून अथवा संगणकाच्या सोयीने ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर काढू नये.
२) बॅटरी अगदी कमी असताना यंत्र जोडून मोठे काम करू नये.
३) सैल वायर व यूएसबी जोडण्यांचे विभाजक टाळून वायर थेट संगणकात लावावी.
४) कॅलिबरसाठी ‘कोबो युटिलिटीज’ ही जोडप्रणाली मिळते. तिच्यात यंत्राच्या डेटाबेसची राखीव प्रत घेण्याची व तपासणी करण्याची सोय आहे. यंत्र जोडताच प्रत घेतली जाईल अशी मांडणी करता येते.
५) एकाच प्रतीवर जुनी प्रत लिहिली जाऊ नये. बिघाड उशिरा लक्षात आल्यास राखीव प्रतही बिघडलेलीच असते. म्हणून निरनिराळ्या तारखांच्या काही प्रती ठेवाव्यात.
६) प्रत्येक सत्राच्या अखेरीस टिपा साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून ठेवाव्यात. किंडलच्या यंत्रांत ‘माय क्लिपिंग्ज’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये चिन्हांकित उतारे जमा होतात. अशा फाइलचा काही भाग बिघडला तरी उरलेला भाग कोणत्याही संगणकावर वाचता येतो. साध्या मजकुराचे हे सामर्थ्य प्रत्येक अभ्यासकाने ओळखावे.

१०. निष्कर्ष :

१) ई-रीडरमधील पुस्तके व त्यांवरील टिपा यांचे भवितव्य वेगवेगळे असते. बिघाडात खरा धोका टिपांना असतो.
२) प्रत्येक चूक म्हणजे बिघाड नव्हे. क्रमांक ११ व २६ यांच्या संदेशांतच डेटाबेस बिघडल्याचे समजावे.
३) दुरुस्तीपूर्वी साहाय्यक फाइलींसह राखीव प्रत घेणे अनिवार्य आहे.
४) आधी टिपांची सुटका आणि नंतर यंत्राची दुरुस्ती हा क्रम असावा.
५) ‘ओके’ हे उत्तर रचनेविषयी असते, आशयाविषयी नव्हे. नोंदींची संख्या मोजूनच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानावे.

समारोप :

यंत्र दुरुस्त झाले की काम संपले, असे दुरुस्ती करणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. वाचकाच्या दृष्टीने मात्र यंत्र हे निमित्त आहे. प्रस्तावनेतील विद्यार्थिनीला नवे यंत्र विकत घेता येईल, पुस्तकेही पुन्हा घालता येतील. एखादा उतारा वाचताना तिला तीन वर्षांपूर्वी जे सुचले ते पुन्हा तसेच सुचेल याची खात्री देता येत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी नवागत संशोधकांना संदर्भ-नोंदणीचे शिक्षण द्यावे, तसेच आपल्या टिपा कोठे साठविल्या जातात व त्यांची प्रत कशी घ्यावी, हेही शिकवावे. या शिक्षणास एक तासिका पुरेशी आहे.